हाताला चिकटलेली पळी

“पुन्हा ठेव,” बाई म्हणाल्या. “आणि या वेळी नीट ठेव.”

मी चौथीत होते. मराठी मुलखाबाहेरच्या शहरातली, जामबागमधली आमची मराठी शाळा. परिसर अभ्यासाचा तास. धडा होता ‘आपले घर’. समोर भिंतीला टेकवून फ्लॅनेल बोर्ड उभा केलेला होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी चौकटीवर निळं लोकरी कापड ताणून बसवलेलं असतं, आणि त्यावर लावायला जाड कागदाची कापलेली चित्रं असतात. प्रत्येक चित्राच्या पाठीला पॉलिश पेपरचा, म्हणजे खरखरीत कागदाचा तुकडा. कापडावर दाबलं की चित्र धरून राहतं. ओढलं की निघतं. पुढे शिक्षिका होण्याच्या परीक्षेत या साधनाचा मुख्य गुण मला लिहावा लागला. चित्रं हलवता येतात, हा तो गुण.

आमच्या संचात आई होती, बाबा होते, दादा, ताई आणि आजी होती. शिवाय स्टोव्ह, खुर्ची, सायकल, वर्तमानपत्र, झाडू. बाईंनी मला पुढे बोलावलं होतं. ज्याला त्याला आपापल्या जागी ठेवायचं होतं.

मी बाबांना स्टोव्हपाशी ठेवलं. आईला खुर्चीवर ठेवलं.

वर्ग हसला. का हसला ते आधी कळलं नाही. मग दिसलं. आईच्या हातात पळी होती. चित्रातच काढलेली, हाताबरोबरच कापलेली. बाबांच्या वस्तू सगळ्या सुट्या होत्या. त्यांना सायकल द्यावी, वर्तमानपत्र द्यावं, परत काढून घ्यावं. आईची पळी तेवढी सुटी नव्हती. तिला खुर्चीवर बसवलं तरी पळी हातातच राहिली.

“पळी घेऊन ऑफिसात!” मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला.

बाईही हसल्या. “काय गं, तुमच्या घरी उलटी गंगा वाहते की काय? स्वयंपाक कोण करतं?”

“बाबा.”

“आणि आई?”

“आई एसटीडी बूथवर जाते. दिलसुखनगरला.”

मी खरं सांगत होते. खरं सांगितलं की शाळेत बरोबर ठरतं, एवढीच माझी समज होती. बाबा एका कारखान्यात फिटर होते. नवीन आर्थिक धोरणाच्या पहिल्याच काही वर्षांत तो कारखाना बंद पडला. गेटला कुलूप लागलं. बाबांनी बऱ्याच ठिकाणी खेटे घातले, कुठे जमलं नाही. आई दहावी पास होती. दिलसुखनगरला कोचिंग क्लासची मुलं राहायची, त्यांच्या गर्दीत एका ओळखीच्या माणसाने बूथ काढला होता. तिथे तिला काम मिळालं. संध्याकाळनंतर फोनचे दर उतरायचे, तेव्हाच रांग वाढायची. आई घरी यायची तेव्हा आम्हा पोरांची जेवणं झालेली असत. स्वयंपाक बाबांनी केलेला असे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. आमच्या घरात याला कोणी उलटी गंगा म्हटलं नव्हतं. भूक लागते, म्हणून कोणीतरी स्टोव्ह पेटवतं. एवढंच.

बाईंचं हसू थांबलं. त्या खाली वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “असं चारचौघांत सांगायचं नसतं. वडिलांचा अपमान होतो त्यात.”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने चित्रं हलवली. आई स्टोव्हपाशी. बाबा खुर्चीवर, पुढ्यात वर्तमानपत्र. आणि मला वर्गाकडे तोंड करून उभं केलं.

“आता म्हण. माझी आई स्वयंपाक करते. माझे बाबा कामाला जातात. मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.”

मी म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

“शाब्बास. बस जागेवर.”

वर्गाचं हसणं मी काही दिवसांत विसरले असते. ते शाब्बास विसरता आलं नाही. तोवर मला शाब्बासकी मिळायची ती गणित सुटलं की, कविता पाठ झाली की. त्या दिवशी ती मिळाली, कारण मी स्वतःच्या घराबद्दल खोटं बोलले होते आणि स्पष्ट उच्चारात बोलले होते.

शाळा सुटली. बाबा न्यायला आले होते. बाई फाटकाशी त्यांना म्हणाल्या, “मुलीला जरा समजावा. घरातल्या गोष्टी घरातच बऱ्या.”

“हौ बाई,” बाबा म्हणाले. कोणत्या गोष्टी, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही मराठवाड्यातल्या शेतकरी घरातले. बाईंसमोर बाबा नेहमीच थोडे वाकून उभे राहायचे. रस्त्यात त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी पोचलो, तर वर्गातली गोष्ट आमच्या आधी तिथे पोचली होती.

“क्या गे,” कट्ट्यावर बसलेल्या पोरांपैकी एकाने हाक दिली, “आज तेरे बावा क्या पकाये?”

बाबा हसल्यासारखं करून पुढे गेले.

त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी त्यांनी स्वयंपाकघराची गल्लीकडची खिडकी लावली. खोली रॉकेलच्या वासाने भरली. त्यांना खोकला आला. मग माझ्या लक्षात आलं की भाकरी थापतानाही त्यांचा हात हळू पडतोय. भाकरीचा आवाज बाहेर जातो. कोणाचा हात आहे, ते गल्लीला कळतं.

आई आल्यावर म्हणाली, “खिडकी का लावली? जीव गुदमरतो की.”

“डास येतात,” बाबा म्हणाले.

ती खिडकी पुढे कायमची लागली.

मी शिकले, शिक्षिका झाले आणि त्याच शाळेत तात्पुरत्या जागेवर रुजू झाले. चौथीत मला शिकवणाऱ्या त्याच बाई आता मुख्याध्यापिका होत्या. मधल्या काळात शहर बदललं. हाताहातात मोबाइल आले. आई ज्या बूथवर बसायची तो बंद पडला. घर माझ्या पगारावर आलं, आणि मी अजून कायम झाले नव्हते. वर्षाअखेरीला शाळेची कमिटी एक नमुना पाठ बघायची आणि त्यावर कायम करायचं की नाही ते ठरवायची. बाबांनी त्या दिवसावर सगळी भिस्त ठेवली होती. रोज विचारायचे, “कधी हाय गं तुझा पाठ?”

शाळेत नवं साहित्य आलं होतं. गुळगुळीत, रंगीत तक्ते. कॉम्प्युटरची एक खोलीही झाली होती. त्या खोलीत लावलेल्या तक्त्यात मुलगा कॉम्प्युटरसमोर बसलेला होता. बहीण त्याच्या खुर्चीमागे दुधाचा पेला घेऊन उभी होती. मला साधनांकडे नीट बघायची सवय आहे, म्हणून मी नंतर मुलांकडेही तसंच बघितलं. या खोलीत आल्या की माझ्या वर्गातल्या मुली आपोआप खुर्च्यांच्या मागे उभ्या राहायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, “बसा की गं.” एक म्हणाली, “बाई, त्यांचं झालं की बसतो.” त्यांचं होईपर्यंत तास संपायचा.

माझ्या वर्गात रेणुका नावाची मुलगी होती. तारनाक्याहून बसने यायची. वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर अनुकंपेवर तिच्या आईला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली होती. मी ‘माझे कुटुंब’ हे चित्र काढायला सांगितलं. रेणुकाने आई काढली, हातात पळी. आणि खुर्चीवर पेपर वाचणारे वडील काढले.

मी तिच्या बाकाशी बसले. “रेणुका, आई वर्कशॉपला जाते ना?”

“हौ बाई.”

“मग तसं का नाही काढलं?”

“पुस्तकात असंच हाय बाई.” तिने खोडरबर मुठीत घट्ट धरलं. “वेगळं काढलं तर मार्क कापतेत.”

वारलेले वडील तिने खुर्चीवर बसवले होते आणि जिवंत आईचं काम खोडून टाकलं होतं. कारण मार्क. त्या दुपारी मला बाईंची शाब्बासकी पुन्हा ऐकू आली.

नमुना पाठाचा दिवस ठरला. मराठी वर्ग दर वर्षी रोडावत होते. म्हणून कमिटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्या दिवशी काही नव्या पालकांनाही बोलावलं होतं. पुण्याहून कॉम्प्युटर कंपन्यांत आलेली कुटुंबं. त्यांच्या मुलांना प्रवेश हवे होते. धडा साहेबांनीच ठरवला. ‘आपले घर’. साधन, तोच फ्लॅनेल बोर्ड. तो संच त्यांच्या मातोश्रींनी स्वतःच्या हाताने कापून शाळेला दिला होता, आणि पाहुणे आले की तो कपाटातून बाहेर निघायचा.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी वर्गाची तालीम घेतली. आमच्याकडे जुनी रीत होती. प्रश्न विचारला की हात सगळ्यांनीच वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो, आणि शिक्षकाला कळतं की कोणाला उठवायचं नाही.

तालमीत रेणुकाने विचारलं, “बाई, आमच्यात बाबा नाहीत. खुर्चीवर कोण ठेवू?”

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “तू डावा हात वर कर,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू झाला. मागे खुर्च्यांवर कमिटी आणि पाहुणे बसले होते. मी प्रश्न विचारला, “आपल्या घरात कोण कोण काय काम करतं? कोण दाखवेल?” सगळे हात वर. मी एका उजव्या हाताकडे वळत होते, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब उठून पुढे आले. त्यांना आमची रीत माहीत नव्हती.

“ती दुसऱ्या बाकावरची मुलगी. ये बाळ. आईला तिच्या जागेवर ठेव बघू.”

रेणुका पुढे आली. तिने आईचं चित्र हातात घेतलं. स्टोव्हकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. आणि मग आईला सायकलपाशी लावलं.

साहेब मोकळेपणाने हसले. “अगं, पळी घेऊन सायकलवर? कुठे निघाली तुझी आई, वाढपाला?”

पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून वर्ग हसला. पुढच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, अर्धा दिवस सुट्टी काढून आल्या होत्या. त्याही हसल्या.

“घरी काय करते आई? सांग मोठ्याने.”

रेणुकाने मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं. बाईंचे ओठ हलले. शब्द बाहेर आला नाही, पण मला तो वाचता आला. रेणुकालाही आला.

“माझी आई स्वयंपा…”

“थांब, रेणुका.”

माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला.

साधनं कशी तयार करतात तेही पाठात दाखवायचं होतं, म्हणून टेबलावर कात्री, पॉलिश पेपर आणि डिंकाची बाटली होती. मी आईचं चित्र बोर्डावरून काढलं आणि कात्री घेतली. मनगटापाशी हात दुखावू नये अशा बेताने कडेकडेने कापत गेले. पळी सुटी झाली. तिच्या पाठीला डिंक लावून पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला आणि अंगठ्याने दाबून धरला. डिंक धरायला वेळ लागत होता. मागे एक खुर्ची करकरली. समोर काय पणाला लागलंय ते मला नीट ठाऊक होतं. बाबांचा चेहरा दिसत होता. मी अंगठा काढला नाही.

मग पळी बोर्डाला लावली. स्वतंत्र. ती राहिली.

“आता आई ठेव,” मी म्हटलं. “आई कुठे जाते?”

“वर्कशॉपात.”

“काय करते?”

“वेल्डिंग, बाई.” रेणुकाने तोंडासमोर तळहात धरला. “अशी काच लावून. तिकडं बघायचं नसतं, डोळे जातेत.”

“आणि ही पळी कोणाच्या हातात द्यायची?”

हा प्रश्न तालमीत नव्हता.

“कोणाच्या म्हणजे… जो आधी घरी येईल त्यानं भात टाकायचा. दादा आला तर दादा. मी आले तर मी.” आणि तिने पळी कोणाच्याच हाताला न लावता स्टोव्हशेजारी ठेवली.

एक मुलगा उठून उभा राहिला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. “बाई, आमच्यात चहा बाबा करतेत. पण पावणे आले की आई करते.”

पुन्हा हसू उठलं, पण ते रेणुकाला नव्हतं. हात वर झाले. कोणता उजवा आणि कोणता डावा, ते त्या गडबडीत कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

“पुरे!” सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

ऑफिसात त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

“आमच्या मातोश्रींनी स्वतः कापलेली चित्रं आहेत ती. तुम्ही त्यांवर कात्री चालवलीत. पाहुण्यांसमोर. ही शाळा आहे की मोर्चा?”

“साहेब, ते शैक्षणिक साधन आहे. मुलीला त्यातून तिचं घर मांडता येत नव्हतं.”

“प्रत्येकाचं घर मांडायला बसलो तर धडा कधी संपायचा? चांगलं घर कसं असतं ते मुलांना दाखवायचं असतं.” त्यांनी खिशाला पेन लावलं. “सोमवारी कमिटीपुढे हाच पाठ पुन्हा. पुस्तकात आहे तसा. त्याआधी ती पळी जागेवर चिकटवा. नाहीतर कायम होण्याचं विसरा.”

ते गेले. मुख्याध्यापिका बाईंनी डिंकाची बाटली माझ्यापुढे सरकवली. “चिकटव बाई. कळायचंही नाही. एवढ्यासाठी नोकरी घालवू नकोस.”

“बाई, तुम्ही मला चौथीत पुढे उभं केलं होतं. आठवतं?”

“आठवतं.” त्यांनी चष्मा काढला. “तुझ्या भल्यासाठीच केलं. लोकांनी नावं ठेवली असती.” मग दाराकडे बघून आवाज उतरवला. “माझ्या घरी आमचे हे भांडी घासतात. इतकी वर्षं. मी सांगते का कोणाला?”

मला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती भीती. ज्यांनी मला खोटं म्हणायला लावलं, त्यांच्या घरातलंही चित्र तसं नव्हतं. माझ्या घरातलं नव्हतं, रेणुकाच्या नव्हतं, पुढच्या खुर्चीत हसणाऱ्या बाईंच्याही नसावं. तरी ते बोर्डावर टिकून होतं. कारण प्रत्येक जण आपापली खिडकी लावून बसला होता, आणि मुलांना ती लावायची सवय आम्ही शिक्षक लावत होतो.

मी बाटली पिशवीत टाकली आणि घरी आले.

बाबा स्टोव्हपाशी बसून भाकरी थापत होते. हळू. मी खिडकीची कडी काढली. गंजलेली होती, ओढावी लागली.

“लाव ती,” बाबा म्हणाले. “लोक बघतेत.”

“बघू दे.”

मग मी काय घडलं ते सांगितलं. त्यांचा हात परातीत थांबला. “कारखाना बंद पडला. बूथ बंद पडला. आता तू बी घरी बसणार?” त्यांनी पिठाचे हात परातीवर झटकले. “चिकटवून टाक की गं. कागद तर हाय.”

“नुसता कागद असता तर तुम्ही खिडकी लावली नसती, बाबा.”

त्यांनी भाकरी उचलून तव्यावर टाकली. त्यांना माझं पटलं, असं मी म्हणणार नाही. पुढची भाकरीही त्यांनी हळूच थापली. पण मी खिडकीपाशी उभी होते, आणि ती लावायला ते उठले नाहीत.

सोमवारी कमिटी बसली. मी बोर्ड उभा केला, चित्रं मांडली, आणि शेजारी डिंकाची बाटली ठेवली. झाकण उघडलेलं नव्हतं.

“चिकटवलीत?” सेक्रेटरीसाहेबांनी विचारलं.

“नाही. आणि चिकटवणार नाही. ज्यांना चिकटवायची असेल त्यांनी वर्गासमोर येऊन चिकटवावी. मुलं कारण विचारतील. तेवढं उत्तर तयार ठेवा.”

कोणी उठलं नाही. पण मला कायमही केलं नाही. पत्रात कारण लिहिलं होतं, ‘शिस्तभंग’.

मी आजही शिकवते, दुसऱ्या शाळेत, तात्पुरतीच. साधनं स्वतः करते. त्यात माणसं वेगळी कापते आणि वस्तू वेगळ्या. कोणाच्याही हाताला काही चिकटलेलं ठेवत नाही. ‘माझी आई स्वयंपाक करते’ या वाक्याला माझ्या वर्गात बंदी नाही. जिची आई करते तिने ते मान वर करून म्हणावं. पण पाठ करून ते कोणी म्हणणार नाही. ते म्हटल्याबद्दल माझ्यासमोर कोणाला शाब्बासकी मिळणार नाही. या एका गोष्टीसाठी मला जितक्या शाळा सोडाव्या लागतील, तितक्या मी सोडेन.